अंगण वाकडेच होते

जळगावच्या फुले मार्केटमध्ये चाळीस वर्षे कापडाचा व्यापार केलेल्या माणसाचा दुकानातील उजेडावर विश्वास नसतो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसणारी साडी तो गिऱ्हाइकाला पायरीवर नेऊन दिवसाच्या प्रकाशात उलगडून दाखवतो आणि मगच भाव सांगतो. 2025 च्या श्रावणात असेच एक आजोबा नातवाबरोबर टीव्ही पाहावयास गेले, तेव्हा भिंतीवर रांगेने झगमगणारे पडदे पाहून सारे घर हरखले. आजोबा मात्र कपाळाला आठी घालून उभे राहिले.

“या सगळ्या माणसांचे चेहरे एवढे निळसर का?” त्यांनी विचारले.

विक्रेता प्रामाणिक होता. दुकानाच्या लखलखाटात चित्र उठून दिसावे म्हणून संच एका खास भडक मांडणीवर ठेवलेले असतात, असे त्याने सांगितले. “मग घरी जसा लावाल तसा करून दाखवा,” आजोबा म्हणाले. रिमोटची चार बटणे दाबताच दोन देखणे संच एकदम फिके पडले आणि कोपऱ्यातल्या तिसऱ्या, तुलनेने स्वस्त संचावर माणसाची कातडी माणसाची दिसू लागली.

मापावरूनही थोडा वाद झालाच. पंचावन्न इंची म्हणून दाखवलेला पडदा आजोबांनी खिशातील टेपने मोजला, तो रुंदीला अठ्ठेचाळीस इंचच भरला. टीव्हीचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात, हे कळल्यावर ते म्हणाले, “आम्ही तागा तिरपा मोजून दिला असता तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते.” घरी येऊन त्यांनी अठ्ठेचाळीस इंच लांब आणि सत्तावीस इंच उंच असा काळ्या पॉपलीनचा तुकडा कापून दिवाणखान्याच्या भिंतीवर टाचला. नातवाला पासष्ट इंची हवा होता. त्याच्या मापाचे कापड लावून पाहिले, तर नवकार मंत्राची तसबीर हलवावी लागणार होती. आजींनी एका शब्दात तो विषय मिटवला. सोफा भिंतीपासून आठ फुटांवर. तेवढ्या अंतराला पंचावन्न इंच पुरेसे होते.

खरा प्रश्न मापाचा नव्हताच. घरचा जुना बत्तीस इंची संच आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना पुरत नव्हता, धावफलक वाचता येत नसे. अकरावीतील नातवाची तक्रार वेगळी होती. तो गेमिंग कन्सोल जोडून क्रिकेटचा खेळ खेळे आणि सारखा त्रिफळाचीत होई. “मी बटण वेळेवर दाबतो, बॅट उशिरा फिरते,” असे तो म्हणे. आजोबांचे उत्तर ठरलेले असे: नाचता येईना, अंगण वाकडे. पहिल्या वेळी सगळे हसले. दहाव्या वेळी मुलगा कन्सोल उचलून आपल्या खोलीत गेला आणि त्याने वडिलांकडे स्वतंत्र छोटा पडदा मागितला.

ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, त्या घरातील संध्याकाळ लांब असते. झोपाळ्यावर आजोबा, खाली गालिच्यावर नातू, मध्ये हिशेबाच्या वह्या घेऊन वडील, ही बैठक मोडू नये असे सर्वांना वाटे. तसे बोलून मात्र कोणी दाखवले नाही. टीव्ही घ्यायचा तो दोघांना पुरेल असा एकच, एवढेच ठरले.

पर्युषणाचे आठ दिवस टीव्ही झाकलेला राहिला. त्यानंतर 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरील कर 22 सप्टेंबरपासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर येणार होता. मूळ किंमत पन्नास हजार धरली, तर चौसष्ट हजारांचा संच एकोणसाठ हजारांना पडणार. व्यापाऱ्याच्या घरात एवढा हिशेब पुरतो. खरेदी नवरात्रावर गेली.

मधल्या दिवसांत एरंडोल, पारोळा करीत मंडळी धुळ्याला आत्याकडे गेली. देवपुरातील तिच्या घरी तोच संच आधीच होता. नातवाने कन्सोल पिशवीत घालून नेला होता. भर दुपारी, खिडक्यांचे पडदे सारून आजोबांनी चित्र पाहिले, झोपाळ्याच्या जागेवरून दिसावे तसे बाजूने पाहिले आणि मान डोलावली. मग नातू खेळायला बसला. पहिल्याच षटकात त्रिफळा. पुन्हा त्रिफळा. नवा, महागडा संच, तरीही बॅट उशिराच.

“बघ,” आजोबा म्हणाले. म्हण त्यांनी पुरी केली नाही. मुलाने कंट्रोलर खाली ठेवला.

आत्याची मुलगी अभियांत्रिकीला आहे. तिने काही न बोलता सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ सुरू केला आणि म्हणाली, “आता खेळ.” चेंडू बॅटच्या मधोमध लागला. पुढचाही.

तिने नंतर समजावले ते असे. आजचा टीव्ही आलेले चित्र तसेच दाखवत नाही. ते घासून-पुसून, हालचाल गुळगुळीत करून मग पडद्यावर आणतो. मालिका पाहताना हा उशीर जाणवत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळणाऱ्याचा अंगठा मात्र वाट पाहत बसतो. काही संचांत हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा असतो. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. त्यातून दहावा भाग वजा केला, तर उरले काय? गेम मोडमध्ये ही सजावट बहुतेक बंद होते. जुन्या बत्तीस इंची संचात ही सोय नव्हतीच. विक्रेता सेकंदाला 120 चित्रांची थोरवी सांगत होता. पण नातवाचा खेळ साठच चित्रे पुरवी, त्यामुळे त्या वाढीव किमतीचा इथे उपयोग नव्हता.

आजोबांनी सगळे ऐकून घेतले. परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा ते नातवाला एवढेच म्हणाले, “तू सांगत होतास ते मी तपासायला हवे होते. कापड असते तर तपासले असते.” मुलगा खिडकीबाहेर पाहत “हो” म्हणाला.

नवरात्रात संच आला. भिंतीवरचा पॉपलीनचा तुकडा आजींनी घडी करून ठेवला. कशाला तरी अस्तर होईल. कन्सोल पुन्हा दिवाणखान्यात आला. स्वतंत्र पडद्याचा विषय कोणी काढला नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आजोबांनी कंट्रोलर मागून घेतला. कोणते बटण कशाचे, हे दोनदा विचारून घेतले, चष्मा पुसला, झोपाळा पायाने थांबवला. पहिल्याच चेंडूवर मधली यष्टी उडाली. त्यांनी हातातील कंट्रोलरकडे पाहिले, मग पडद्याकडे.

“आजोबा,” नातू हळूच म्हणाला, “अंगण आता सरळ आहे हं.”