आधी डिस्क, मग कार्ड

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 68 किलोमीटर. रोज दोन्ही वेळा ते कापणाऱ्याच्या हाती रात्री गेमसाठी उरतो जेमतेम तासभर. म्हणून जुन्या गेमिंग पीसीवर खर्च करायचा तर सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत, हा नेहमीचा सल्ला उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात मला उलटा वाटतो. मशीन अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर आधी एसएसडी. कार्ड चित्र देखणं करतं, एसएसडी ताटकळणं कमी करते. आणि इथल्या माणसाची ताटकळण्याची ताकद फलाटावरच संपलेली असते.

मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे 4.2 मिलिसेकंद लागतात. हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. गाडी चुकली की पुढचीपर्यंत थांबावं, तसा हा प्रकार, आणि तो एका लोडिंगमध्ये हजारो वेळा घडतो, कारण गेमचा माल तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतं. खरं तर हे सुख नवं नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमची ‘कॅसेट’ फुंकर मारून खोचली की खेळ लगेच सुरू व्हायचा. आत चिपच होती. पुढे खेळ फुगले, सीडी आणि हार्ड डिस्कवर गेले, आणि वाट पाहणं हा खेळाचाच भाग ठरला. लांबलचक लिफ्ट आणि अरुंद बोळ रचून गेम बनवणाऱ्यांनी ते झाकलंही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची नँड फ्लॅश 1987 साली जगापुढे आली होती, पण त्या चिपवर चालणारी एसएसडी सामान्य खेळाडूच्या ऐपतीत यायला दोन दशकांहून जास्त काळ गेला.

‘पण एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतो का?’ हा आक्षेप रास्त आहे. नाही वाढत, किंवा नगण्य वाढतो. फक्त मोठ्या नकाशात धावताना मध्येच बसणारे झटके डिस्कमुळे असतील तर कमी होतात. तरीही 2023 मध्ये ‘स्टारफील्ड’ने एसएसडी सक्तीची केली आणि ‘सायबरपंक 2077’नेही किमान गरजांत तीच मागितली, म्हणजे कार्ड कितीही भारी घेतलं तरी ही पायरी चुकत नाही. दुसरी शंका अधिक खोल आहे: प्रत्येक लोडिंगचा दोष डिस्कचाच कशावरून? ‘जीटीए ऑनलाइन’चं रखडणं 2021 मध्ये बाहेरच्या एका प्रोग्रामरने तपासलं, तेव्हा दोष निघाला एक लांबलचक यादी भलत्याच पद्धतीने वाचणाऱ्या कोडमध्ये. कंपनीने ते मान्य करून दुरुस्तीही केली. तेव्हा खिशात हात घालण्याआधी टास्क मॅनेजर उघडावा. लोडिंगच्या वेळी डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसत असेल, तरच खर्च सार्थकी लागेल.

आणि मग साधी साटा एसएसडीही पुरते. तिचा वेग सेकंदाला साधारण 550 एमबी, एनव्हीएमईचा 3500 च्या पुढे. पण बहुतेक खेळांत हा फरक काही सेकंदांवरच येऊन थांबतो. एनव्हीएमईला लागणाऱ्या एम.2 स्लॉटसाठी मदरबोर्ड बदलायला सांगणाऱ्याला नम्र नकार द्यावा. जुनी हार्ड डिस्क फेकू नये, सिनेमे आणि फोटो तिच्यावर राहू देत. बॅकअप मात्र दोन्हींचा हवा, कारण हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा करकरते, एसएसडी अनेकदा न बोलता जाते.

राहिला उल्हासनगरच्या बाजारातल्या नकली मालाचा धसका. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद अजून सांगितला जातो. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी लोकांनी शून्यातून उभ्या केलेल्या बाजाराला तो जरा अन्यायकारकच आहे. शिवाय आज 16 टीबीची म्हणून खपवली जाणारी खोटी डिस्क मोबाइलवरून मागवली की बदलापुरातही घरपोच येते. दुकान कुठलं यापेक्षा बिल आणि वॉरंटी पाहावी, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत एच2टेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रामने ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून घ्यावी.