दुसरा कंपायलर

जीसीसीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार बिल्ड होणारा सी कोड मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला दिला, की एररची रांग लागते. नवखा माणूस धसकतो. खरं तर या एरर भल्या असतात. जीसीसीचे ॲट्रिब्यूट त्याला समजत नाहीत, रनटाइमला लांबी ठरणारा ॲरे तो घेत नाही. ओळ क्रमांकासकट सांगतो, आपण बदलतो. (ॲरेच्या बाबतीत तो एकटा नाही. १९९९च्या स्टँडर्डने आणलेली ही सोय २०११च्या स्टँडर्डने ऐच्छिक केली, आणि २०१८ साली लिनक्स कर्नलनेही ती हद्दपार केली.)

धास्ती वाटते ती मुकाट्याने कंपाइल होणाऱ्या कोडची. गेटचारने दिलेली किंमत कॅरेक्टर टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून ईओएफशी ताडणारा लूप घ्या. ईओएफ सहसा उणे एक. एआरएमवरच्या लिनक्समध्ये हा टाइप अनसाइन्ड. त्यात उणे एक मावतच नाही, लूप थांबत नाही. मग तक्रार येते, एआरएमवर तुमचा प्रोग्राम लटकतो. पण इंटेलवरही तो चुकलेलाच असतो. तिथे टाइप साइन्ड, म्हणून २५५ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असं समजून लूप मध्येच बाहेर पडतो. युटीएफ-८ मजकुरात हा बाइट येतच नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच. दुरुस्ती एका शब्दाची: इंट. लाँगचीही तीच गत; ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट, ६४ बिट विंडोजवर ४. फाइलचा आकार त्यात ठेवला, की दोन जीबीपुढे आकडे बिघडतात.

इलाज म्हणून लोक जागोजागी इफडेफ पेरतात. मला ते आवडत नाही. फंक्शनच्या मधोमध तीन इफडेफ असले, की कोणत्या कंपायलरला नेमका कुठला कोड मिळतो हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय कंपायलरचं नाव विचारून भागत नाही: क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो, आणि विंडोजच्या अवतारात मायक्रोसॉफ्टचा मॅक्रोही मिरवतो. नावापेक्षा सोय आहे का ते तपासावं, आणि ही सगळी तपासणी एका हेडरमध्ये कोंडावी.

त्याहून बरं म्हणजे सोयीचा मोहच टाळणं. कर्ल आजही सी८९मध्ये लिहिलं जातं; जुनाट म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. माझ्याकडे पॅच आला, की आधी बघतो, त्यात इफडेफ वाढलाय की तो लागावा असा कोडच गेलाय. दुसऱ्या प्रकारचा पॅच मी चहा थंड व्हायच्या आत मर्ज करतो.