सचोटीचा रकाना

मार्चअखेर झाली की हाताखालच्या अधिकाऱ्यांचे कार्यमूल्यमापन अहवाल टेबलावर येऊ लागतात. पूर्वी त्यांनाच गोपनीय अहवाल म्हणत. त्यात एक रकाना ‘इंटिग्रिटी’चा असतो. हिंदीत त्याला ‘सत्यनिष्ठा’ म्हणतात, मराठीत ‘सचोटी’. शंका असल्यास रकाना कोरा ठेवून स्वतंत्र गुप्त टिप्पणी करावी, असा जुना दंडक आहे. एरवी ‘संशयातीत’ असे लिहून आपण पान उलटतो. मीही अनेक वर्षे तेच केले.

एका वर्षी मात्र लेखणी अडखळली. तो अधिकारी पैशाच्या बाबतीत निष्कलंक होता. परंतु एका कामाची प्रत्यक्ष पाहणी न करताच त्याने पाहणी अहवालावर सही केली होती, आणि हे त्याने स्वतःच मला सांगितले. त्या सहीने त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. मग त्याच्या सचोटीला बाधा आली की नाही?

उत्तर शोधताना मी मूळ शब्दाकडे वळलो. लॅटिनमधील ‘इंटेगेर’ या विशेषणावरून ‘इंटिग्रिटी’ आला. ‘इन’ हा नकार आणि ‘टांगेरे’ म्हणजे स्पर्श करणे. ज्याला कशाचाही स्पर्श झालेला नाही, म्हणून जे पूर्ण उरले आहे, ते इंटेगेर. गणितातला ‘इंटिजर’ याच कुळातला; आपण त्याला पूर्णांक म्हणतो. म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ प्रामाणिकपणा नव्हे, तर अभंगपणा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत हाच शब्द राष्ट्रासाठी घातला. तिथे हिंदीत ‘अखंडता’ आणि मराठीत ‘एकात्मता’ आहे. सचोटीचा संबंधच नाही.

आपल्याकडेही याच घडणीचा एक शब्द घरोघरी आहे. क्षत म्हणजे जखम. ज्याला ती नाही ते अक्षत. पूजेला आणि लग्नाला अक्षतांसाठी तांदूळ निवडताना तुकडा झालेला दाणा बाजूला काढतात. तो दाणा खोटा नसतो, किडकाही नसतो. केवळ पूर्ण नसतो.

ब्रिटनमध्ये नोलन समितीने १९९५ साली सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे मांडली, त्यांत ‘ऑनेस्टी’ आणि ‘इंटिग्रिटी’ ही दोन वेगळी तत्त्वे आहेत. आपल्या कामावर प्रभाव पाडू शकतील अशांच्या बंधनात स्वतःला अडकवू नये, असा दुसऱ्याचा आशय. बाहेरचा स्पर्श होऊ न देणे, हा लॅटिन अर्थच तेथे परत आला आहे. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांत या शब्दामागे ‘ॲब्सोल्यूट’ हे विशेषण लावलेले आहे. जे मुळातच पूर्ण, त्याला आणखी पूर्ण म्हणण्याची गरज का भासली असावी? बहुधा आपण त्यातला पैशापुरता भाग तेवढा धरून बसतो म्हणून.

एवढा विचार झाल्यावर त्या अधिकाऱ्याविषयी लिहिणे सोपे व्हायला हवे होते. ते झाले नाही. कारण ‘अहवाल आजच हवा’ हा वरचा निरोप त्याच्यापर्यंत माझ्याच दालनातून गेला होता. एका दिवसात तिथे जाऊन येणे शक्य नाही, हे मला ठाऊक होते. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. दाणा तुटला असेल तर तो दोन हातांत तुटला होता.

मी त्याला बोलावले. आम्ही दोघे जागेवर गेलो, कामाची मोजमापे घेतली आणि सुधारित अहवाल पाठवला. पहिल्या अहवालावेळी पाहणी झाली नव्हती आणि घाई माझ्या कार्यालयाची होती, असे त्यात स्पष्ट नमूद केले. वरून नाराजी आली. ती अपेक्षितच होती. त्यानंतर मी त्याच्या रकान्यात ‘संशयातीत’ लिहिले, आणि त्या वर्षी ते लिहिताना शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता.

माझा रकाना वरिष्ठांनी भरला. त्यांनीही तोच शब्द लिहिला. त्यांनी मला काही विचारले नव्हते.