अण्णांच्या घड्याळाची चावी

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या खणातून अण्णांचे घड्याळ निघाले. एचएमटीचे ‘जनता’, १७ ज्वेलचे, रोज चावी द्यावी लागणारे. १९७४ साली ते घरात आले तेव्हा रामबागेतल्या आमच्या वाड्यातले शेजारी ते पाहायला आले होते. मी चावी दिली आणि इतक्या वर्षांनी ते मुकाट्याने चालू लागले. खरे तर इथेच मी थांबायला हवे होते. पण काचेच्या आत धूळ दिसत होती, आणि सेवानिवृत्त माणसाजवळ वेळेला तोटा नसतो.

घड्याळाचे यंत्र डब्यातून काढायचे तर आधी चावी तिच्या दांडीसकट बाहेर घ्यावी लागते. त्यासाठी मागचे झाकण उघडल्यावर दांडीजवळ दिसणारा एक बारीक स्क्रू फेरा-दीड फेरा सैल करायचा, एवढेच. मी तो सैल केला, दांडी येईना. आणखी फिरवला. हट्टाने आणखी. शेवटी दांडी आली. काच पुसली, यंत्र जागेवर बसवले, दांडी आत सारली. चावी बसत होती. पण वेळ लावण्यासाठी ती बाहेर ओढली की दांडीसकट हातात येई.

आयुष्यभर कोषालयात बिले तपासल्यामुळे दोष कागदावर मांडायची सवय आहे. चावी बसते, त्या अर्थी दांडीचा चौकोनी भाग आणि आतली दंतचक्रे शाबूत असावीत. दांडी अडकून राहत नाही, त्या अर्थी तिच्यावरची खाच झिजली असावी. आक्षेप निश्चित झाला! राजवाड्याजवळच्या एका वृद्ध घड्याळजींकडून नवी दांडी आणली. एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्येच घेतला, त्यामुळे असा सुटा भाग मिळाला हेच नवल. घड्याळजींनी ती जुनीच्या मापाने कापून, कानस मारून दिली. घरी येऊन बसवली. तीही हातात आली.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळच त्यांच्यापुढे ठेवले. भिंग डोळ्याला लावून ते म्हणाले, “साहब, दांडी बेचारी क्या करे? पेच आपने पूरा खोल दिया।”

तबकडीखाली एक छोटा लिव्हर असतो. त्याची खुंटी दांडीच्या खाचेत बसते आणि दांडीला धरून ठेवते. चावी ओढली की हाच लिव्हर फिरतो आणि सरकते दंतचक्र काट्यांच्या बाजूला ढकलतो. मी सैल केलेला स्क्रू त्या लिव्हरलाच धरून होता. तो पूर्ण निघाल्यावर लिव्हर तबकडीच्या आड मोकळा पडला होता. “छोड़ जाइए,” ते म्हणाले, “चाबी भी नई डाल देता हूँ, ये तो घिस गई।”

घासली होती खरी. कडेचे दाते अण्णांच्या अंगठ्याने आणि तर्जनीने गुळगुळीत झाले होते. रोज सकाळी आकाशवाणीच्या आठच्या बातम्यांच्या वेळी ते चावी देत. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. २००८ मध्ये अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. मी चावी देऊन घड्याळ त्यांच्या कानाशी धरी. ते डोळ्यांनीच ‘ठीक’ म्हणत. २००९ च्या एकतीस मार्चला कोषालयात वर्षअखेरीची बिले होती. मी पहाटे निघालो, तो मध्यरात्रीनंतर परतलो. नंतरच्या दिवशीही तसाच गेलो. संध्याकाळी पाहिले तर घड्याळ बंद पडले होते. अण्णा काही बोलले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी ते फक्त उपडे करून ठेवले. त्याच महिन्यात ते गेले. घड्याळ खणात मीच ठेवले होते.

मी ते घड्याळजींकडे ठेवले नाही. घरी आणून आधी तबकडी वर ठेवून खालून स्क्रू पिळून पाहिला, लिव्हर आपोआप पकडीत येईल या आशेने. आला नाही. मग काटे काढले, तबकडी उचलली. सौ. विजेरी धरून उभी होती आणि श्वास रोखायचे मलाच बजावत होती. जुनीच दांडी आत घातली, चिमट्याने लिव्हरची खुंटी खाचेत दाबून धरली आणि यंत्र उलटे न करता, खालून, अंदाजाने स्क्रू पिळला. तिसऱ्या खेपेला आटे लागले. चावी ओढली. टक्. दांडी जागेवर राहिली आणि दंतचक्र सरकले.

नवी दांडी काडेपेटीत ठेवली आहे. रोज आठला चावी देतो. फार नाही, हाताला अडेपर्यंत. घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडते. सौ. म्हणते, तेही दुरुस्त करा. मी झाकणाला हात लावलेला नाही.