वेगळं ताट

बिदर म्हटलं की आपल्याला काळ्या धातूवरची चांदीची नक्षी आठवते आणि कलबुर्गी म्हटलं की तूरडाळ. त्या मुलखात घराघरांत मराठी बोलली जाते हे मात्र गोव्यात फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि भालकी, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. सरहद्द कागदावर पडली, सोयरिकी तशाच राहिल्या. आजही तिकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी असा तिहेरी कारभार सुखाने चालतो.

माझ्या वहिनीचं माहेर भालकी तालुक्यातलं. तिच्या भाच्याच्या बारशाला गेले होते. आदल्या दुपारी बायका ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता गल्लीतल्या एका सुनेचा विषय निघाला आणि आवाज आपोआप खाली आले. मुलीचा नवरा मुंबईला कामाला, सणावाराला घरी यायचा. तिला दिवस गेले, सरकारी दवाखान्यात रीतसर रक्ततपासणी झाली आणि एच.आय.व्ही. निघाला. त्याच संध्याकाळी सासूने तिचं ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळं केलं. नवऱ्याची तपासणी त्यानंतर दोन महिन्यांनी झाली. त्यालाही होता, आणि त्याची तब्येत तर आधीपासूनच खालावलेली. पण तोवर गावाचा हिशेब होऊन गेला होता. आधी जिचा कागद आला, तिनेच तो आणला!

हा हिशेब नुसता त्या गावातला नाही. आपल्याकडे गरोदर बाईची तपासणी होते, कारण बाळाला वाचवायचं असतं. ती व्हायलाच हवी. उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं, वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर ते पाचाच्या खाली येतं. पण नवऱ्याला कोणी तसं रांगेत उभं करत नाही. तो आला तर आला. म्हणून रोग कुठूनही आलेला असो, घरात त्याची बातमी बहुधा बाईच्या नावावर येते.

मी त्या बायकांना सहज विचारलं, "एका ताटात जेवल्यानं हा रोग होतो का हो?"

"नाही हो ताई," चार-पाच जणी एकदमच म्हणाल्या. आशाताई सांगते, टीव्हीवर दाखवतात, दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय. डास चावून होत नाही, हात लावून होत नाही. सगळं पाठ!

"मग ताट वेगळं कशाला?"

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "ठावं हाय समदं. पर जीव धजत न्हाई, बाई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम २२ टक्क्यांना एच.आय.व्ही.ची पुरेशी माहिती होती, पुरुषांत ३१ टक्क्यांना. आकडा लाजिरवाणा आहेच. पण या ओसरीवरच्या बायकांना तर बरंच ठाऊक होतं! माहिती डोक्यात गेली होती, हातापर्यंत पोचली नव्हती. हातांना जुनी सवय आहे विटाळाची. बाळंतीण वेगळी, पाळी आलेली वेगळी, परजातीचा कप वेगळा. स्वयंपाकघर बाईच्या हाती असतं, म्हणून वाळीत टाकण्याचं कामही आपण तिच्याच हातून करून घेतो. नवा रोग आला आणि जुन्या फडताळात जाऊन बसला, इतकंच.

गंमत बघा, तिथून बसवकल्याण काही फार दूर नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि शरणांनी तिथेच सोवळं-ओवळं आणि सुतक नाकारलं. अनुभव मंटपात बायकांनाही बोलायला जागा होती. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न तिथेच लागलं असं परंपरा सांगते, आणि त्यापायी दोन्ही बापांना जीव गमवावा लागला. त्या भूमीवर आज ताट वेगळं होतं.

पण आपण गोंयकारांनी हसू नये. १९८९ च्या फेब्रुवारीत आपल्याच गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाला, त्याने केलेल्या रक्तदानातून लागण कळली म्हणून पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. तेव्हाचा गोव्याचा आरोग्य कायदाच तसा होता. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली ती त्याची आई, लुसी डिसोझा. न्यायालयाने त्याच वर्षी कायद्याचं कलम उचलून धरलं, पण एका आईने सरकारला जाब विचारला होता. डॉमनिक १९९२ साली वारला. त्याआधी त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. २००४ च्या जूनमध्ये वास्कोला बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली, तेव्हा तिथल्या कितीतरी बायका कर्नाटक-आंध्रातल्या होत्या. 'रोग घाट उतरून येतो' म्हणणाऱ्यांना, घाटावरून आलेल्या त्या बायकांकडे गिऱ्हाईक कुठून येत होतं असं विचारावंसं वाटतं. आणि २०१४ मध्ये रिवणला १३ मुलांना पालकांच्या विरोधामुळे शाळा सोडावी लागली. शिकलेल्या गोव्यात!

आज परिस्थिती वेगळी आहे. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं फुकट मिळतात. गोळ्या नेमाने घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि या कारणावरून नोकरीतून वा शाळेतून काढता येत नाही. मात्र घरातलं ताट नुसत्या कायद्याने एकत्र होत नाही.

ते काम वहिनीच्या आईने केलं. बारशाच्या पंगतीला तिने त्या सुनेला स्वतः जाऊन बोलावून आणलं, बाळासकट. अठरा महिन्यांनंतरच्या तपासणीत बाळाला काही नाही असं नक्की झालेलं होतं, तरी त्याच्या हातावर कोणी साखर ठेवत नसे. "बस गं इथं," म्हणत तिने त्या मुलीला आपल्या शेजारी बसवलं आणि घरातलंच ताट पुढे ठेवलं. समोरच्या रांगेतल्या दोघी उठून गेल्या. बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. ती म्हातारीही बसून होती. तिने वाटीतली आमटी जरा उशिरानेच तोंडाला लावली, पण उठली नाही.

वहिनीला मी परवा फोनवर विचारलं, सासूने ताट एकत्र केलं का? म्हणाली, "ताट केलंय. तांब्या अजून नाही."