वेव्हरट्रीतील बंडखोरी

लिव्हरपूल शहरातील वेव्हरट्री मतदारसंघात ६ फेब्रुवारी १९३५ रोजी झालेली पोटनिवडणूक ब्रिटिश संसदेतील संख्याबळाच्या दृष्टीने किरकोळ होती. परंतु रँडॉल्फ चर्चिल या तेवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्याच हुजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध अपक्ष म्हणून उभे राहून हिंदुस्थानच्या भावी राज्यघटनेला प्रचाराचा मुख्य विषय केले, म्हणून या निवडणुकीला भारतीय वाचकाच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे. आधीचे खासदार वडिलांच्या मृत्यूनंतर लॉर्ड्‌स सभागृहात गेल्यामुळे ही जागा रिकामी झाली होती, आणि १९३१ मध्ये ती हुजूर पक्षाने प्रचंड मताधिक्याने जिंकलेली असल्याने पराभवाची भीती पक्षाला मुळीच नव्हती.

वादाचे मूळ हिंदुस्थान सरकार विधेयकात होते. प्रांतांचा कारभार निवडून आलेल्या मंत्र्यांच्या हाती देणारी प्रांतिक स्वायत्तता, आणि ब्रिटिश प्रांत व संस्थाने यांना एकत्र आणणारे संघराज्य, ही त्या विधेयकाची दोन प्रमुख अंगे होती. हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन आणि भारतमंत्री सॅम्युअल होर त्याच्या बाजूने होते, तर याच प्रश्नावर १९३१ मध्ये पक्षाच्या नेतृत्वमंडळातून बाहेर पडलेले रँडॉल्फचे वडील विन्स्टन चर्चिल त्याच्या विरोधकांचे अग्रणी होते. विधेयकाचा आराखडा तपासणाऱ्या संसदेच्या संयुक्त समितीसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुकुंदराव जयकर हे हिंदी प्रतिनिधी म्हणून बसले होते. मात्र त्यांना चर्चेत भाग घेता येत असला तरी मताचा अधिकार नव्हता.

रँडॉल्फने पदवी न घेताच ऑक्सफर्ड सोडले होते. अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि नंतर वृत्तपत्रांत लिहून त्याने नाव मिळवले होते, आणि वक्तृत्व तर त्याला घरातूनच लाभले होते. उमेदवारी जाहीर करताना त्याने वडिलांचा सल्ला घेतला नाही. विन्स्टन यांची त्यामुळे मोठी कोंडी झाली, कारण पक्षात राहून विधेयकाशी झुंजणे हा त्यांचा मार्ग होता, आणि मुलाने तर पक्षाच्या उमेदवाराविरुद्धच दंड थोपटले होते. तरीही मुद्दा त्यांचाच असल्याने त्यांना अलिप्त राहता आले नाही. बहिणी प्रचारात उतरल्या आणि अखेरीस वडीलही मुलासाठी व्यासपीठावर आले. वडिलांचे विचार आपण त्यांच्यापेक्षाही अधिक निर्धाराने लढवतो आहोत, असे वाटणाऱ्या मुलाचे हे वागणे समजण्यासारखे आहे. पण त्याची किंमत वडिलांनाही मोजावी लागणार होती.

प्रचारात रँडॉल्फने लँकेशायरच्या कापडधंद्याची दुरवस्था पुढे आणली. हिंदुस्थानातील आयात जकात, स्वदेशी व बहिष्काराची चळवळ आणि जपानी कापडाची स्पर्धा यांमुळे तेथील गिरण्यांची बाजारपेठ आटली होती, आणि हिंदुस्थानला अधिक अधिकार दिल्यास उरलेली बाजारपेठही जाईल, अशी ही मांडणी होती. लँकेशायरमधील बेकारी खरी होती आणि तिच्याबद्दल बोलणाऱ्याला श्रोते मिळणे स्वाभाविकच होते. परंतु एका देशाच्या कामगाराची भाकर दुसऱ्या देशाला स्वराज्य नाकारून सुरक्षित होते, हा त्यामागचा विचार अन्यायाचा होता, आणि तो मांडणाऱ्याचे तरुण वय त्याला सौम्य करू शकत नाही. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांनी आदल्याच वर्षी, १९३४ मध्ये, वेतनकपातीविरुद्ध सार्वत्रिक संप केला होता; मंदीचा मार दोन्हीकडच्या मजुरांवर पडत होता, आणि वेव्हरट्रीच्या प्रचारात त्यांपैकी एकाच बाजूच्या मजुरांची गणती होत होती.

निकालात मजूर पक्षाचे जे. जे. क्लिअरी यांना १५,६११, हुजूर पक्षाचे जेम्स प्लॅट यांना १३,७७१, रँडॉल्फला १०,५७५ आणि उदारमतवादी उमेदवाराला ४,२०८ मते मिळाली. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही, या पद्धतीत मतविभागणी किती निर्णायक ठरते हे येथे दिसते, कारण दोन्ही हुजूरपक्षीयांची मते एकत्र केल्यास ती २४,३४६ होतात. पक्षाची यंत्रणा नसताना जवळजवळ चौथा हिस्सा मते मिळवणे ही तरुण उमेदवाराची कर्तबगारी होती. तथापि त्या मतांनी जो पक्ष निवडून आला, तो मजूर पक्ष विधेयक अपुरे आहे आणि हिंदुस्थानला वसाहतीच्या स्वराज्याचे आश्वासन हवे, असे म्हणणारा होता. सुरक्षित जागा घालवल्याचा पक्षातील राग पितापुत्र दोघांवर निघाला, आणि विधेयकाच्या विरोधकांबद्दल उरलेली सहानुभूतीही आटली.

रँडॉल्फ एवढ्यावर थांबला नाही. मार्चमध्ये लंडनच्या नॉरवुड पोटनिवडणुकीत त्याने आणखी एका बंडखोराला उभे केले. तेथे विन्स्टन यांनी साथ दिली नाही आणि पक्षाचे डंकन सँडिस निवडून आले. त्याच वर्षी सँडिस यांचा रँडॉल्फच्या बहिणीशी, डायनाशी, विवाह झाला. स्वतः रँडॉल्फ १९४० मध्ये प्रेस्टनमधून संसदेत गेला, पण युद्धकाळातील पक्षांच्या समझोत्यामुळे ती निवड बिनविरोध होती. लढत झालेली एकही संसदीय निवडणूक त्याला जिंकता आली नाही.

विधेयकाला २ ऑगस्ट १९३५ रोजी राजाची संमती मिळाली. संस्थानिकांच्या नाखुशीमुळे संघराज्य प्रत्यक्षात आले नाही, परंतु प्रांतिक स्वायत्तता आली, आणि १९३७ च्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले, तर त्याच विधिमंडळात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकांवर बसून खोती पद्धत रद्द करण्याची मागणी करू लागला.