कोर्टाची पायरी



चौथीला म्हणी शिकवताना मी फळ्यावर लिहिलं, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ वर्ग हसला. एक मुलगा मात्र गप्प. मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाला, “बाई, माझी आई साक्ष द्यायला कल्याणच्या कोर्टात जाते. ती शहाणी नाही का?” तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मला तर काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुंबई उच्च न्यायालयाचे फोटो घेऊन वर्गात गेले. न्यायालय सुरू झालं १८६२ साली. ही इमारत १८७१ ते १८७८ या काळात बांधली. आराखडा कर्नल फुलर यांचा, शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, उंच निमुळते मनोरे. लांबी ५६२ फूट. आकडा सांगून मुलांना काय कळणार? म्हटलं, डोंबिवली स्टेशनात उभ्या लोकलचे आठ डबे मोजा, जवळपास तेवढी! मधला मनोरा १७५ फूट. माकडाने सगळ्यांना जिंकलं. तिथल्या कोरीवकामात एक डोळा झाकलेलं, हातात तराजू घेतलेलं माकड आहे. खटला हरलेल्या उपकंत्राटदाराने रागाने ते कोरून घेतलं, अशी दंतकथा सांगतात.

मग टिळकांची गोष्ट सांगितली. १९०८ चा राजद्रोहाचा खटला इथेच चालला. न्यायमूर्ती दावर, म्हणजे १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले तेच वकील! नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी दोषी ठरवलं, दोघांनी नाही. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस. त्या दालनाबाहेर १९५६ साली टिळकांचेच शब्द कोरलेली पाटी लावली. अनावरण केलं मुख्य न्यायाधीश छागला यांनी. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने! हे सांगताना माझाच आवाज जरा बदलला.

“टिळक पण कोर्टाची पायरी चढले की,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मी त्या मुलाकडे मुद्दाम पाहिलं नाही.

मग चित्रं काढायला दिली. मनोऱ्यांवर न्याय आणि दया असे दोन पुतळे आहेत, हे मी सांगितलं होतं. त्याने दोघींनाही साड्या नेसवल्या आणि खाली पायरीवर, हातात पिशवी घेतलेली, आई काढली.